मापाला दिलेला ब्लाउज

आमच्याकडे शिंप्याकडे ब्लाउज शिवायला टाकताना सोबत एक जुना ब्लाउज द्यायची रीत आहे. त्याला ‘मापाचा’ म्हणतात. नवं कापड, अस्तर, साडीचा रंग कळावा म्हणून पदराचा कोपरा आणि पिशवीच्या तळाशी हा मापाचा. शिंपी तो टेबलावर पसरतो, हातानं सुरकुत्या काढतो, टेप लावून छाती, कंबर, मुंढा (काखेचा घेर), बाही वहीत टिपतो आणि विचारतो, “असाच ना?” आपण म्हणतो, “असाच.” पाच मिनिटांत काम संपतं. बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकांसमोर हात वर करून उभं राहावं लागत नाही, परक्या पुरुषाची टेप अंगाला लागत नाही. सोय म्हणून रीत चांगलीच आहे. माझी अडचण एवढीच होती, की माझा मापाचा ब्लाउज २००९ सालचा होता.

२००९ साली मी तेहतीस वर्षांची होते. त्यानंतर दुसरं बाळंतपण झालं, थायरॉइडची गोळी सुरू झाली, गुडघा दुखायला लागला आणि आता पाळी जायचे दिवस आलेत. या सगळ्या काळात माझे झाडून सगळे ब्लाउज त्या एकाच ब्लाउजवरून शिवले गेले. नवा ब्लाउज घरी आणायचा, घालून बघायचा, शेवटचा हूक लागला नाही की म्हणायचं, “मेल्यानं बिघडवला.” मग पदर जरा पुढे ओढून पिन लावायची आणि शाळेत जायचं. मी तीन शिंपी बदलले. तिघांनीही मी दिलं तेच माप शिवलं होतं, हे लक्षात यायला मला बारा-तेरा वर्षं लागली. मी गणित शिकवते, हे इथं सांगायला नको होतं खरं तर.

या विषयावर हल्ली पुष्कळ गोड बोललं जातं. स्वतःवर प्रेम करा, आरशासमोर उभं राहून हसा, जे घालाल ते मिरवा. मला या बोलण्याचा राग येत नाही, पण ते उपयोगाचं नाही. मे महिन्यात भुसावळला पारा चव्वेचाळीसवर असताना काखेत रुतणाऱ्या शिवणीवर प्रेम कसं करायचं? सहा तास उभं राहून शिकवणाऱ्या, बसच्या दांडीला लटकणाऱ्या, बँकेच्या काउंटरमागे बसणाऱ्या बाईचा आत्मविश्वास आधी तिच्या मुंढ्यात असतो. हात वर केल्यावर शिवण ताणली जात नाही, वाकल्यावर पाठ उघडी पडत नाही, बसल्यावर नाडी पोटात घुसत नाही, एवढं झालं की बाई आपोआप ताठ चालते. माझं म्हणणं असं, की बदलत्या शरीराला नीट कपडे न मिळणं हा मनाच्या कमकुवतपणाचा प्रश्न नाही. तो मापाचा प्रश्न आहे. जुन्या मापावरून शिवायची खोड एकट्या बाईला लागलेली नाही, बाजाराला आणि सरकारलाही ती आहे.

आधी बाईचंच बोलते.

माझी आजी नऊवारी लुगडं नेसायची. लुगड्याला साइज नसते. सोळाव्या वर्षी नेसलेलं लुगडं साठाव्या वर्षीही तेवढंच बसतं. पोट वाढलं तर निऱ्या दोन कमी, वाळली तर दोन जास्त. वर चोळी, तीही पुढे गाठ मारायची. दिवस गेले की गाठ सैल, बाळंतीण झाली की अंगावर पाजायला गाठ सोडायची, पुन्हा कसायची. हूक आले, काज आले, टक्स आले, कटोरी आली आणि ब्लाउज अंगाला चिकटून बसायला लागला. दिसायला देखणा झाला, पण एका ठरावीक दिवसाच्या शरीराचा होऊन बसला. साडी अजूनही कुणालाही होते. बाईचं वय आणि वजन चारचौघांत सांगतो तो ब्लाउज.

जुनं ते सगळं सोनं, असं मात्र मला म्हणायचं नाही. २०२४ मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी दोन म्हाताऱ्या बायांची हकीकत एका वैद्यकीय नियतकालिकात छापली. कमरेला वर्षानुवर्षं कच्चून बांधलेल्या गाठीनं कातडी घासून जखम झाली, ती भरेना, आणि शेवटी त्या जागी कॅन्सर निघाला. त्यातली एक बाई चाळीस वर्षं लुगडं नेसत होती. डॉक्टरांचा सल्ला अगदी साधा होता, गाठ सैल ठेवा, कमरेवरची जागा बदलत राहा. म्हणजे सैल करता येणारा कपडासुद्धा सैल करायची मुभा बाईनं स्वतःला दिली नाही तर काचतोच. आजीच्या कमरेवरही काळा पट्टा होता. आम्हा मुलींना वाटायचं, तो सगळ्याच आज्यांना असतो.

आता ‘माया’ या शब्दाकडे येते. शिवणकामात शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला माया म्हणतात. प्रेमालाही आपण मायाच म्हणतो, त्यावर कविता करायचा मोह टाळते. ब्लाउजच्या दोन्ही कुशींत इंच-दीड इंच माया असली की एक टीप उसवायची, काठाकडे दुसरी मारायची. बाई अंगानं भरली तरी ब्लाउज चालतो. आमच्या लहानपणी फ्रॉकच्या खालच्या घेरात दुमडलेली पट्टी असायची. जून आला की आई ती उसवायची आणि खाली एक गडद रेघ उमटायची. मागच्या वर्षीचा घेर कुठपर्यंत होता त्याची ती खूण. सगळ्या वर्गाच्या फ्रॉकवर ती रेघ होती, त्यामुळे कुणाला लाज नव्हती.

रेडीमेड कुर्तीत माया नसते. मुद्दाम दुष्टपणानं नाही. ओव्हरलॉकच्या मशीनला सुईशेजारी पातं असतं. ते शिवता शिवताच कडेचं जादा कापड छाटून टाकतं आणि दोऱ्यानं काठ बांधून टाकतं. कारखान्यात थरावर थर टाकून एकदम कापतात, त्यामुळे एका कुर्तीमागे वाचलेलं अर्धा इंच कापड हजारो नगांवर केवढं होतं, हे मालकाला कळतं. गिऱ्हाइकाच्या हाती काय येतं? वजन चार किलो वाढलं की टाकून द्यायची कुर्ती. ज्या खान्देशात अमळनेरला, धुळ्याला, चाळीसगावला, जळगावला गिरण्यांचे भोंगे वाजायचे, शेतात कापूस आणि गावात कापड अशी साखळी होती, तिथं आता कापूस बाहेर जातो आणि बाहेरून मायाच नसलेले कपडे येतात. जळगावात खान्देश मिलच्या जागेवर मॉल उभा आहे. त्यावर वेगळं काही बोलायची गरज नाही.

एक अपवाद मात्र मानायला हवा. रेडीमेड ब्लाउज विकणारे अजून शहाणे आहेत. ‘छत्तीस आहे ताई, चाळीसपर्यंत उसवता येईल,’ असं ते स्वतःहून सांगतात आणि आतली माया उलटून दाखवतात. कुर्ती, पँट, शर्ट विकणारा असं का सांगू शकत नाही, हा माझा बाजाराला साधा प्रश्न आहे.

मी ज्या दुकानात गेले होते, तिथं उलटच झालं. दिवाळीच्या आधीची गर्दी, मी एक आकाशी कुर्ता हातात घेतलेला. काउंटरवरच्या पोरानं मला खालून वर एकदा पाहिलं आणि माळ्यावर बसलेल्या दुसऱ्याला हाक मारली, “अरे, ताईंसाठी डबल एक्सएल टाक! नाही, नाही, थ्रीच टाक!” दुकानातल्या सगळ्या माना वळल्या. त्यांत माझ्या वर्गातल्या एका मुलीची आईही होती. वरून कुर्ता आला तो चॉकलेटी. आकाशी, गुलाबी, पोपटी हे सगळं एक्सएलपर्यंतच असतं; त्यापुढच्या बायांनी काळा, चॉकलेटी आणि गडद निळा घालावा, असं कुणी तरी कुठं तरी ठरवून ठेवलंय. ट्रायल रूम म्हणजे जिन्याखालची जागा, पडदा दोन बोटं आखूड. घालून बघितलं तर छातीला बरोबर, खांदे मात्र कोपराकडे निघालेले. मोठी साइज म्हणजे लहान साइज सगळीकडून सारखी फुगवलेली, अशी समजूत करून तो शिवला होता. माणूस असा सगळीकडून सारखा वाढत नाही. चाळिशीनंतर बाईच्या खांद्याचं हाड काही रुंद होत नाही. वाढतं ते पोट, कंबर, दंड. पाळी जाताना हार्मोन्स बदलतात तशी चरबी पोटाकडे सरकते. काही जणींचं वजन तेवढंच राहतं आणि तरी जुनी कुर्ती होत नाही. सत्तरीत उंची घटते, पाठीला बाक येतो, मग कुर्ता पुढून लोंबतो आणि मागून उचलला जातो. हे सगळं कोणत्याही जुन्या शिंप्याला ठाऊक असतं. एल, एक्सएल, डबल एक्सएल या अक्षरांना नसतं.

ही अक्षरं आणि आकडे आले कुठून? १९३९-४० मध्ये अमेरिकेच्या शेती खात्यानं सुमारे पंधरा हजार बायांची मापं घेतली. मोजणीत गोऱ्या बायांचीच मापं शेवटी धरली. त्या आधारावर १९५८ मध्ये तिथं बायकांच्या कपड्यांच्या मापांचं एक प्रमाण ठरलं, आणि ते लोकांच्या अंगाशी जुळेना म्हणून १९८३ मध्ये मागेही घेतलं गेलं. ज्यांनी तक्ता केला त्यांनीच तो सोडला. आपल्याकडचे कारखानदार मात्र विलायती-अमेरिकी तक्त्यांना थोडं इकडे, थोडं तिकडे करून अजून काम भागवतात. म्हणून तर आपल्या वस्त्रोद्योग मंत्रालयाला आणि निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या संस्थेला भारतीय अंगाची मापं नव्यानं घ्यायचा प्रकल्प काढावा लागला: सहा शहरं, पंचवीस हजार माणसं, अंगाला हात न लावता माप घेणारी थ्रीडी स्कॅनरची यंत्रं. आपल्या राज्यातून त्यात मुंबई. काम चांगलं आहे, व्हायलाच हवं होतं. पण मुंबईच्या मापात यावलची केळीच्या बागेत राबणारी बाई, शहाद्याची आदिवासी मुलगी, पारोळ्याची आजी किती बसेल? शंका घ्यायला जागा आहे. बाजाराच्या हातातला हा तक्ता म्हणजे त्याचा मापाचा ब्लाउज. तोसुद्धा दुसऱ्याच बाईचा.

या सगळ्याला आपल्या जिभेचीही साथ आहे. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले होते. अंगणातल्या झोक्यावर बायका, आत खापरावरच्या पुरणपोळ्या, आणि उंबऱ्यातच मावशी म्हणाली, “काय वं माय, कितली जाडी हुई गई तू!” त्यात दुष्टावा नव्हता. मावशीचा तो ‘ये, बस’ म्हणण्याचाच प्रकार. पण माझ्यामागून माझा भाऊ आला, त्याचं पोट माझ्या दुप्पट, त्याला ती म्हणाली, “तब्येत चांगली सुधारनी रे भो.” पुरुषाची तब्येत सुधारते, बाई सुटते. पुरुष भारदस्त होतो, बाई बेढब होते. बारीक झाली तर तिला विचारतात, सासरी काही त्रास आहे का. बाईच्या अंगात झालेला कोणताही बदल हा गावाच्या चर्चेचा विषय असतो आणि म्हणून ती तो बदल मापाला दिलेल्या जुन्या ब्लाउजमागे लपवत राहते. घरात ती गाऊन घालून, वर ओढणी टाकून मोकळी वावरते. दूधवाला येवो, भाजीवाला येवो, जळगावच्या कॉलन्यांत सकाळचा हाच गणवेश आहे. त्याची टिंगल करणाऱ्यांनी एकदा विचार करावा, की तिच्या कपाटातला तोच एक कपडा तिच्या आजच्या अंगाला होतो.

पुरुषांचं दुःखही आहे, ते दडलेलं असतं इतकंच. १५ मार्च २०२४ रोजी राज्य सरकारनं शिक्षकांच्या पेहरावाबद्दल निर्णय काढला. बायांनी साडी किंवा सलवार-कुर्ता-दुपट्टा, पुरुषांनी शर्ट-पँट आणि शर्ट खोचलेला. जीन्स, टी-शर्ट नको. आमच्या शाळेतले एक सर दहा वर्षं शर्ट बाहेर सोडून पोट झाकत आले होते. निर्णयानंतरच्या सोमवारी ते खोचून आले. पट्टा पोटाखाली की पोटावर, हे त्यांचं दिवसभर ठरत नव्हतं. मुलं हसली. मीही हसले, मग मला वाईट वाटलं. शिक्षकानं नीटनेटकं असावं याला माझी हरकत नाही. पण शिक्षकानं काय घालावं, कोणतं घालू नये, कसं घालावं हे सगळं निर्णयात येतं, आणि ते अंगाला बसावं, उन्हाळ्यात सोसवावं, गरोदर बाईला, ऑपरेशन झालेल्याला, पोट सुटलेल्याला त्यात सवड असावी, याबद्दल एका ओळीचाही विचार दिसत नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्यानं बाळंतपणाची रजा सव्वीस आठवड्यांची केली. त्या सव्वीस आठवड्यांनी बाई कामावर येते ती दुसरंच शरीर घेऊन, आणि तिचा गणवेश तोच असतो. पोलीस, परिचारिका, कंडक्टर, जिथं जिथं गणवेश आहे तिथं हेच आहे.

सगळ्यात जास्त शरीर बदलतं ते शाळेत. म्हणून गणवेशाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण ते मी रोज बघते.

सातवी-आठवीत मुली वर्षभरात दोन-तीन इंच वाढतात, छाती भरते, कंबर बदलते. जूनमध्ये दिलेला टॉप दिवाळीनंतर तंग होतो. मग काय होतं ते बघायला वर्गात मागच्या बाजूला उभं राहावं. हात वर करून उत्तर देणारी मुलगी हात वर करेनाशी होते, कारण काखेत शिवण उसवलेली असते. दप्तर पाठीवरून पुढे येतं. ओढणीला दोन पिना होत्या, चार होतात. माझ्या वर्गातली एक मुलगी, खो-खोत बिनीची, तालुक्याला खेळून आलेली, नववीत अचानक म्हणाली, “मॅडम, मला नाही खेळायचं.” घरी कुणी अडवलंय का, विचारलं, नाही. पाय दुखतो का, नाही. शेवटी प्रयोगशाळेत नेऊन विचारलं तेव्हा तिनं मान खाली घालून सलवार दाखवली. पळताना दोनदा फाटली होती, आईनं दोनदा शिवली होती, तिसऱ्यांदा शिवायला कापडच उरलं नव्हतं. माया नव्हती आत. आम्ही तिला दुसरी सलवार दिली, ती खेळली. पण किती मुली आम्ही ‘हिला हल्ली रस राहिला नाही’ असा शेरा मारून सोडून दिल्या असतील, या विचारानं मला रात्री झोप लागली नाही.

२०२४-२५ मध्ये राज्यानं ‘एक राज्य, एक गणवेश’ केलं. कापड एकत्र खरेदी, शिलाई महिला बचत गटांकडून. बचत गटांना काम मिळावं ही कल्पना मला मनापासून आवडली होती. पण गणवेश उशिरा पोचले, मापांच्या तक्रारी गावोगाव झाल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय फिरवून गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिला गेला. लोकांनी दोष बायांच्या शिवणीला दिला. मला तो पटत नाही. इयत्तेवरून माप काढायचं म्हटलं की असंच होणार. सातवीच्या एकाच बाकावर एक मुलगी चार फूट दोन इंच असते आणि दुसरी पाच फूट. इयत्तेचा तक्ता हा सरकारचा मापाचा ब्लाउज आहे. शिवणाऱ्या बाईच्या हातात तो दिला, आणि तिनं इमानानं तसाच शिवला.

आता अधिकार शाळेकडे परत आलाच आहे, तर करता येण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्याला पैसा फार लागत नाही. जूनमध्ये गावातल्याच एखाद्या शिवणाऱ्या बाईला बोलवून मुलींची मापं बंद खोलीत घ्यावीत, मुलग्यांची वेगळी. कुशीत आणि खाली माया सोडलीच पाहिजे, ही अट कापड देतानाच लिहावी. दिवाळीच्या सुटीनंतर पुन्हा एकदा टेप लावावी आणि ज्यांचं उसवायचं त्यांचं शाळेतच उसवून द्यावं. शिवणयंत्रं गावात आहेत. केंद्राच्या २०२३ च्या विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांत शिंपीही आहे, अवजारांसाठी पंधरा हजार मिळतात. शिवणकामाचे वर्ग तर प्रत्येक तालुक्यात चालतात. पण त्या वर्गांत नवं शिवायला शिकवतात. जुनं उसवून मोठं करायला, बाक आलेल्या पाठीला कुर्ता बसवायला, ऑपरेशननंतर एका बाजूला छाती नसलेल्या बाईसाठी आतून खिसा देऊन ब्लाउज शिवायला कुणी शिकवत नाही. ही कामं ‘किरकोळ’ धरली जातात. शिंपीही नाक मुरडतात. त्यांचंही चुकत नाही. उसवायला नव्यापेक्षा जास्त वेळ लागतो आणि पैसे आपण वीस रुपये देतो, वर घासाघीस करतो.

बाजाराकडून माझी मागणी छोटी आहे. लेबलवर एक्सएलच्या खाली छाती, कंबर आणि लांबी सेंटिमीटरमध्ये छापा. दोन दुकानांतलं एक्सएल वेगळं असतं, सेंटिमीटर वेगळं नसतं. आणि आत माया सोडली असेल तर तेही छापा. आम्ही चार पैसे जास्त देऊ.

मी हे स्टाफरूममध्ये बोलले तेव्हा एका बाईंनी चांगला मुद्दा काढला. म्हणाल्या, असं सगळं सैल करत गेलं तर लोक वजनाकडे लक्ष देणारच नाहीत. तंग झालेला कपडा हीच तर सूचना असते. त्यात तथ्य नाही असं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे २४ टक्के बाया आणि २३ टक्के पुरुष जास्त वजनाचे निघाले, आणि आधीच्या पाहणीपेक्षा हे आकडे चढलेत. मधुमेह, रक्तदाब घराघरात आहेत, माझ्याही आहे. पण सूचना द्यायला वजनकाटा आहे, डॉक्टर आहे, रक्ताची तपासणी आहे. ब्लाउजला ते काम द्यायचं कशाला? मला विचाराल तर उलटच घडतं. तेरा वर्षं तंग ब्लाउज घालून माझं वजन एक किलो कमी झालं नाही; तंग कपड्यात फिरायला जायची लाज वाटते म्हणून मी फिरायलाच गेले नाही. सैल, मापाचा सुती कुर्ता शिवला आणि मगच सकाळी मेहरूण तलावाला एक फेरी मारायला सुरुवात केली. वजन अजून तेवढंच आहे, हेही प्रामाणिकपणे सांगते. गुडघा कमी दुखतो.

त्याच पाहणीत जवळजवळ १९ टक्के बाया फार बारीक निघाल्या, हेही विसरून चालणार नाही. सातपुड्यातल्या पाड्यांवर आधी पोटाचा प्रश्न आहे, मापाचा नंतर. तिथल्या मुलीला मिळणारा गणवेशही अंगावर टांगल्यासारखा असतो, कारण तक्त्यातली सगळ्यात छोटी साइजही तिला मोठी होते. ढगळ कपड्यातलं मूलही तंग कपड्यातल्या मुलाइतकंच अवघडतं. माप चुकलं की दोन्हीकडून चुकतं.

त्या अखाजीला, मावशीच्या त्या स्वागतानंतर, मी माहेरच्या जुन्या शिंप्याकडे गेले. अमळनेरच्या बाजारात एका बोळात त्यांचं दुकान आहे; गाव त्यांना आप्पा म्हणतं. माझ्या लग्नातले ब्लाउज त्यांनीच शिवले होते. मी पिशवी ठेवली, त्यांनी चष्मा कपाळावर चढवून मापाचा ब्लाउज बाहेर काढला, उलटा केला, कुशीच्या शिवणी बोटांनी चाचपल्या. माया तीनदा सोडवलेली होती, आता कापडाची कड हाताला लागत होती.

“ताई, हाऊ कोना शे?” हा कुणाचा आहे, विचारत होते.

“माझाच, आप्पा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ब्लाउजकडे. “शे, का व्हता?” आहे, की होता?

मी काही बोलले नाही. त्यांनी आतल्या खोलीकडे बघून सुनेला हाक मारली. ती पीठ मळत होती बहुतेक, हात पुसत आली. पडद्यामागे नेऊन तिनं माझी मापं घेतली. पोट आत ओढून उभी राहिले तर म्हणाली, “काकू, श्वास सोडा ना, नेहमी उभ्या राहता तशा राहा.” मी श्वास सोडला. टेप सरकली. खांदा, मुंढा, छाती, छातीच्या खाली, कंबर, दंड, पाठ. तिनं अकरा मापं घेतली, मोजली मी. दंडाला तिनं टेप लावली आणि विचारलं, “हात वर करून फळ्यावर लिहिता का?” लिहिते म्हटलं. मग तिनं आणखी अर्धा इंच धरला. बाहेर ती एकेक आकडा सांगत होती आणि आप्पा वहीत लिहीत होते. त्यांच्या वहीत माझ्या नावाचं पान होतं, २००१ पासूनचं. प्रत्येक ओळीला तारीख, प्रत्येक ओळीत छातीचा आकडा वाढलेला. मधली वीस वर्षं कोरी. नवी ओळ त्यांनी जुन्याच पानावर, खाली लिहिली.

ब्लाउज चार दिवसांनी मिळाला. सगळे हूक लागले. पिन लागली नाही. आत दोन्ही कुशींत दीड दीड इंच माया होती, आप्पांनी उलटून दाखवली, “मझार सोडेल शे, ताई.” मी मापाचा ब्लाउज परत मागितला नाही. त्यांनीच विचारलं, हा नेणार का. नको म्हटलं. मग त्यांनी तो मशीनवर घेतला, शटलपाशी तेलाचा थेंब ओघळला होता तो त्या ब्लाउजनंच पुसला, आणि चाकाच्या मागे खिळ्याला अडकवून ठेवला.